अक्कांचा भिडू

अक्कांच्या तोंडाचा पट्टा फक्त एकाच ठिकाणी बंद असायचा: ब्रिजच्या टेबलावर. या खेळात समोर बसलेल्या भिडूशी डाव चालू असताना बोलायचं नसतं. त्यामुळे अक्का ओठ मिटून बसायच्या आणि शेवटचं पान पडलं की साठलेलं सगळं भिडूवर ओतायच्या. आधी मराठीत, ते पुरेसं वाटलं नाही तर कानडीत. कानडी मला येत नाही, हे माझं नशीब.

अक्का अक्कलकोटकडच्या. सोलापुरात कापड व्यापाऱ्याच्या घरी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना पत्त्यांतलं काही कळत नव्हतं. सासऱ्यांना ब्रिजचा भारी नाद, पण नजर अधू झालेली. मग सून शेजारी बसून त्यांच्या कानात पानं सांगू लागली. एकदा सासरे म्हणाले राणी टाक. सुनेनं टाकली दुर्री, आणि डाव जिंकला. सासरे खुर्चीतून उठले. "आता तू खेळ, मी ऐकतो," म्हणाले. त्या खुर्चीवरून अक्का राज्य स्पर्धेपर्यंत पोचल्या. भिडू मात्र टिकेनात.

मी टिकलो. मी कॉलेजात शिकवायचो, अपमानाची सवय होती.

राज्य स्पर्धेची अंतिम फेरी पुण्यात होती. शेवटच्या डावात मी घाबरून भलतीच बोली लावून बसलो: तेरापैकी बारा हात करून दाखवायचे. तो रंग आधी अक्कांनी बोललेला, म्हणून दोघांची पानं खेळायची होती अक्कांना. नियमाप्रमाणे मी माझी पानं टेबलावर उघडी मांडली. अक्कांनी ती पाहिली, मग मला पाहिलं, मग चष्मा पुसला. पंच घड्याळ बघत येऊन उभे राहिले, तरी त्या विचारच करत होत्या. शेवटी खेळल्या, आणि बारा हात केले. परतीच्या गाडीत मोहोळ आल्यावर मग म्हणाल्या, "कप तूच ने. माझ्या घरात ठेवला तर रोज तुझी बोली आठवंल की."

प्रत्येक स्पर्धेला त्यांचे यजमान, आप्पा, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन बरोबर असायचे. खेळ त्यांना कळायचा नाही. बायको गप्प बसलेली बघायला मिळते म्हणून येतो, असं ते सगळ्यांना सांगायचे.

मग आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. दुकान मुलानं सांभाळलं. आप्पा दिवसभर भिंतीकडे बघत बसू लागले. अक्कांची राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली होती. त्यांनी नाही म्हणून कळवलं आणि आप्पांना ब्रिज शिकवायला घेतलं. रविवारी त्यांना समोर भिडू म्हणून आणि विरुद्ध खेळायला मला आणि माझ्या बायकोला बसवलं.

परवा अक्कांचा एक्का हात जिंकतच होता, त्यावर आप्पांनी हुकूम मारला. स्वतःच्याच भिडूचं पान मारून डाव घालवला. मी खुर्ची जरा मागे घेतली. अक्का पानं गोळा करत म्हणाल्या, "छान खेळलात हो."

निघताना दारात चपला घालत मी म्हटलं, "अक्का, हीच चूक मी केली तेव्हा तुम्ही मला महिनाभर घरात घेतलं नव्हतं."

"तुला जिंकायचं होतं," अक्का हळू आवाजात म्हणाल्या. "ह्यांना नुसतं माझ्यासमोर बसायचंय."