पाच नंबरची ओळ

परदेशी शिष्यवृत्तीच्या मुलाखती घ्यायला आम्ही तिघं बसलो होतो. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त प्राचार्य, एक तरुण डॉक्टरीणबाई आणि मी. मी जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून मला बोलावतात. पण खरं सांगू? यंदा मंगळवार पेठेतल्या घरातून निघतानाच माझा स्वतःवर भरवसा नव्हता. गॅस बंद केला का, हे बघायला हल्ली मी अर्ध्या जिन्यातून परत वर जाते.

जागा एकच होती. पाच नंबरची मुलगी कागलहून यायची होती, पण हायवेवर उसाची ट्रॉली कलंडलेली. अध्यक्षांनी सहा नंबरच्या मुलाला आधी आत घेतलं. त्यानं सगळं पाठ केलेलं घडाघडा ओकलं. मग ती आली, घामाघूम, चपलेचा अंगठा तुटलेला.

"एवढ्या लांब जाऊन काय शिकणार गं?" मी विचारलं.

"मॅडम, आमच्या रानात मीठ फुटलंय. ऊस पिवळा पडतोय. त्ये मीठ मातीतनं काढायचं कसं, त्ये शिकणार."

"आणि परत येणार?"

"येणार की! रान हितंच हाय न्हवं!"

अस्सा आनंद झाला मला! पन्नासपैकी शेहेचाळीस दिले. त्या पाठांतरवाल्याला बावीस.

आमची पद्धत अशी, की नंबरवार ओळींची गुणपत्रकं पाकिटात घालून लाखेचं सील मारायचं आणि वरून तिघांनी सह्या करायच्या. तेही झालं. चहा आला. कप ओठाला लावला आणि एकदम चर्रर्र झालं. पाचवा आत आला होता तो मुलगा! मग पाच नंबरच्या ओळीत मी बावीस लिहिले की काय? डोळे मिटून कागद आठवायला गेले, तर काहीच दिसेना.

गप्प बसावं, असं वाटलं. हो, वाटलं, खोटं कशाला बोलू? बोलले असते तर म्हातारी चळली म्हणून गावभर झालं असतं. तेवढ्यात खिडकीतून ती दिसली. बाकावर बसून चपलेला पिन लावत होती. पोरीचं वाटोळं करून मी चहा पीत होते!

"पाकीट फोडा," मी म्हणाले. "माझी चूक झालीय. ओळी बदलल्यात."

"बाई, सील मारलंय की आता!" अध्यक्ष म्हणाले.

"मारलंय तर फोडा की!"

अध्यक्षांनी चरफडत लाख फोडली. डॉक्टरीणबाई पाकिटाकडे बघतच नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

कागद उघडला. पाच नंबरच्या ओळीत बावीस होते, पण खोडलेले. शेजारी ठसठशीत शेहेचाळीस. सहाव्या ओळीत बावीस. खाडाखोडीजवळ नियमाप्रमाणे माझी सही.

"केलंय की तुम्हीच बरोबर!" अध्यक्ष हसले. "उगंच जीव टांगणीला लावला. पोरीची जागा पक्की हाय."

मीही हसायला गेले, पण ओठ हलेनात.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि हळूच विचारलं, "मॅडम, हे खोडलं कधी, आठवतंय?"

मी सही बघत राहिले. वळण माझंच, शाई माझ्याच पेनची.

"न्हाय," मी म्हणाले.