वाक्य माझं, सही तिची

शरयूताई गेल्या, हे मला वाण्याच्या दुकानात कळलं. "बेन, दो नंबर बिल्डिंगवाली मॅडम ऑफ हो गयी. मालूम नहीं?" असं म्हणत त्याने साबुदाणा तोलला. मला आधी रडू नाही, संतापच आला. समोरासमोर इमारती, आणि मला परक्यासारखं दोन दिवसांनी कळावं! पण रागवायचं कुणावर... येणंजाणं आम्हीच बंद केलं होतं.

गिरगाव सोडून आई आणि मी मुंबईबाहेर जेसल पार्कात राहायला आलो तेव्हा रस्तेसुद्धा धड नव्हते. शरयूताई आणि मी एकाच ऑफिसात, एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मुंबई शाखेत. मी टायपिस्ट, त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, आणि आम्हा कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधी. कुणाची बदली झाली, रजा अडली, की शरयूताईंचं टेबल गाठायचं. नियमांचं जाडजूड पुस्तक त्यांना तोंडपाठ. "रड नंतर, आधी तारीख सांग," म्हणायच्या. आमचे विभागप्रमुख डिक्टेशनच्या नावाखाली मला केबिनमध्ये थांबवून घ्यायचे, खांद्यावर हात ठेवायचे. मी ताईंना सांगितलं. त्या दिवशी मात्र त्यांनी तारीख विचारली नाही. "थोडं सांभाळून घे गं, वर्षाअखेर जातायत ते," एवढंच म्हणाल्या. त्याच आठवड्यात साहेबांचा वाढदिवस आला. कार्डावर प्रत्येकाने एक ओळ लिहायची, अशी आमच्यात पद्धत. माझा हातच चालेना. शेवटी ताईंनीच इंग्रजीत सांगितलं, 'तुमच्या हाताखाली काम करणं म्हणजे आनंद आहे.' वर म्हणाल्या, "लिहून टाक, उगाच डोळ्यावर येऊ नकोस." मी लिहिलं, खाली सही केली.

वर्षाअखेर साहेब काही गेले नाहीत. मी तक्रार केली, तर पंधरा दिवसांत माझीच दिल्लीला बदली! घरी आई अंथरुणाला खिळलेली, मी एकुलती एक. नोकरी सोडायची की आईला, एवढाच प्रश्न उरला. अशा संस्थांवर आपल्या कोर्टाचं काही चालत नाही. मुख्यालयातून तिघांची समिती आली, ती म्हणेल ते खरं. आणि साहेबांनी तिच्यापुढे काय ठेवावं? ते कार्ड! "एवढा त्रास होता, तर हे कुणी लिहिलं?" साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं.

शरयूताई शेजारी होत्या, त्या उठल्या. "वाक्य माझं आहे, सही तिची. तिने मला आधीच सगळं सांगितलं होतं. तरी मी हे लिहायला लावलं, आणि वर कळवलंही नाही."

माझी बदली रद्द झाली, साहेबांना मुख्यालयात परत बोलावून घेतलं. ताईंना लेखी ताकीद मिळाली. प्रतिनिधीपद त्यांनी आपणहून सोडलं. आई पुढे दोन वर्षांनी गेली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. ते कुणामुळे, हे मला काय कळत नव्हतं? पण मेली ती ओळ! माझ्याच अक्षरातली. मी फणकाऱ्याने आठवडाभर बोलले नाही, त्या शरमेने समोर येईनात... आणि आठवड्याची वर्षं झाली. भाजीवाल्यापाशी भेटलो तर "काय, बरं आहे ना?" एवढंच.

परवा मन घट्ट करून त्यांच्या घरी गेले. त्यांच्या धाकट्या बहिणीने, कुंदाताईंनी दार उघडलं. म्हणाल्या, "शरयू म्हणायची, सुनीताने मला माफ केलं नाही, बरोबरच केलं." अहो, माफ कधीच केलं होतं हो! तेवढं सांगायचं राहिलं. मी बसायला खिडकीजवळची खुर्ची ओढली, तशा त्या म्हणाल्या, "ती तिथेच असू द्या. रोज संध्याकाळी तिथे बसायची. तुमच्या घरात दिवा लागला की म्हणायची, 'पोचली बाई.' मग उठून जेवायला पान घ्यायची."

कितीदा तरी मी ऑफिसातून थकून आले, आणि दिवा न लावता तासभर अंधारातच पडून राहिले... आणि ताई समोर उपाशी बसलेल्या.

आता आल्याआल्या, चपलाही न काढता, मी आधी दिवा लावते.