बसमध्ये बसायचं नाही

रविवारी सकाळी फोन आला तेव्हा मी मनवेलपाड्यातल्या घरी बुटांच्या नाड्या बांधत होते. रेजिनाचा नवरा एवढंच म्हणाला, "बाई, रेजी गेली." आधी धावायचा सराव करायचा आणि मग वसईला तिच्या उशाशी बसून सगळं सांगायचं, असा आमचा शिरस्ता होता. त्या दिवशी तशीच, बुटांवर गेले.

आम्ही एकाच शाळेत शिकवायचो. पन्नाशी उलटल्यावर अर्धमॅरेथॉन धावायचं खूळ तिचंच. पहिल्या वर्षी ध्येय साधं होतं, शर्यत पुरी करायची. पण शर्यतीची वाट नेमकी तिच्या सासरच्या आळीतून जात होती आणि तिथंच घात झाला. त्या आळीत फाटकातून कुणी "कुठं चालली गं बाय?" विचारलं, की थांबून उत्तर द्यायचं असतं, नाहीतर सून माजली म्हणतात. त्या सकाळी अख्खी आळी फाटकात उभी. छातीवर नंबर लावून धावणाऱ्या बाईलाही प्रत्येकीने तेच विचारलं आणि ही प्रत्येकीपाशी थांबली. एकीने दिलेलं केळंसुद्धा सोलून खाल्लं. तेवढ्यात मागे पडलेल्यांना गोळा करणारी बस आली... शेवटच्या रेषेवर मी धापा टाकत उभी, आणि ही बसमधून उतरतेय, तोंड लालबुंद.

"पुढल्या खेपेला आळीत कुणाशी बोलणार नाही," ती म्हणाली. "सासूशीसुद्धा नाही."

पुढचा हिवाळा केमोत गेला. यंदा पावसाळ्यात दुखणं उलटलं, तरी पठ्ठीने डिसेंबरसाठी दोघींची नावं नोंदवली. भेटायला येणारे सांगायचे, आता देवाचं नाव घे. "घेते की, पळता पळता," ती म्हणायची. प्रार्थनेला तिची ना नव्हती, निरवानिरवीला होती. शेवटच्या भेटीत मी म्हटलं, यंदा मीही राहू देते. तिने डोळे वटारले.

"तुझं ध्येय काय, बोल."

"पुरी करायची."

"ते नाही. बसमध्ये बसायचं नाही."

तिची अंत्ययात्रा त्याच आळीतून चर्चकडे गेली. सगळ्या बाया फाटकात उभ्या होत्या. कुणी काही विचारलं नाही आणि रेजी कुणापाशी थांबली नाही. मला रडू आलं नाही, राग आला. तो अजून आहे. सुटली बिचारी, असं लोक म्हणतात. तिला सुटायचं नव्हतं, तिला डिसेंबर हवा होता.

म्हणून मी धावणार आहे. सरावाला मुद्दाम त्या आळीतून जाते. रेजीच्या फाटकात आता तिची सासू खुर्ची टाकून बसते आणि दर वेळी विचारते, "कुठं चालली गं बाय?" रेजीचं ऐकायचं तर थांबायला नको. मी थांबते. "धावायला, आई," म्हणते. शर्यतीच्या दिवशीही थांबेन, रेजी चिडली तर चिडो. मागे बस दिसत असली तरी थांबून उत्तर देईन... आणि मग त्या बसने मला गाठून दाखवावं.