स्वेटरखालचा पट्टा

मेश्रामकाकू माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी त्याच्या कुत्र्याच्या मानेकडे. दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरांच्या ब्लॉकसमोर संध्याकाळी कुत्री फिरवणाऱ्यांची वर्दळ असे. काकू सरळ वाट अडवायच्या आणि न विचारता पट्ट्याखाली बोटं सरकवायच्या. दोन बोटं जेमतेम गेली तर ठीक. पूर्ण मूठ शिरली की मालकाची खैर नसे. "भाईसाहब, ये निकल जाएगा," त्या थंडपणे सांगायच्या. एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होत्या, त्यामुळे आवाजात जरब होती. मोठमोठे साहेबही निमूट खाली वाकून पट्टा आवळायचे.

माझी गाठही अशीच पडली. मी नांदेडची. मुनिरकाच्या भाड्याच्या खोलीत परीक्षांचा अभ्यास केला, नोकरी लागली, क्वार्टर मिळालं, आणि तिथल्या गल्लीतली एक भेदरट कुत्री सोबत घेऊन आले. तिचं नाव बर्फी. कुकरची शिट्टी झाली तरी पलंगाखाली जायची. तिच्या गळ्यात मी हौसेनं घुंगरांचा पट्टा घातला होता. जिन्यात तिची मराठीतून समजूत घालत होते, तेवढ्यात तळमजल्याचं दार उघडलं.

"मराठी आहेस ना? मग सरळच सांगते," काकू म्हणाल्या. "हा दागिना काढ. उद्या माझ्यासोबत दुकानात चल."

दुकानदारानं आधी लांबत जाणारी दोरी दाखवली, मग साखळी. "आंटीजी, बिल्कुल इम्पोर्टेड है." काकूंनी दोन्ही बाजूला सारल्या. छातीचा पट्टा निवडला, तोही नुसत्या खांद्यांवरून जाणारा नाही, तर बरगड्यांच्या मागे पोटावरून आणखी एक पट्टी असलेला. बर्फीला तो घातला, दोरी हातात घेतली आणि तिच्या समोर उभ्या राहून हलकेच ओढली. बर्फी घाबरून मागे सरकली, अंग आकसलं, डोकं खाली घातलं. पण पट्टा जागचा हलला नाही. "पुढे ओढणाऱ्या कुत्र्याची काळजी नको करू," काकू म्हणाल्या. "मागे सरकणाऱ्याची कर. निसटणारं कुत्रं मागे सरकूनच निसटतं."

हे सगळं कुठून आलं, ते मला जानेवारीत कळलं. धुकं होतं. बर्फीला स्वेटर चढवून त्यावरून पट्टा बांधला आणि खाली उतरले. काकूंनी पाहिलं मात्र, त्यांचा चेहरा पांढरा पडला. जिन्यातच गुडघ्यांवर बसून त्यांनी सगळं सोडवलं, पट्टा अंगाला लागून बांधला आणि मग स्वेटर वरून घातला. त्यानंतर पायरीवर बसूनच बोलल्या.

"माझा बंडू. मीच विणलेला स्वेटर होता, आणि पट्टा बांधला स्वेटरवरून. घट्ट वाटला ना मला. समोरून बारात चालली होती, फटाका फुटला, तो मागे सरकला. स्वेटर उलटा होऊन पट्ट्यासकट माझ्या हातात आला. गरम होता अजून."

बंडू सापडला नाही. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. घरात तेवढाच जीव होता. पुढे प्रमोशन झालं, मोठं क्वार्टर मिळत होतं, ते काकूंनी लेखी नाकारलं. ऑफिसात लोकांनी वेड्यात काढलं. "बंडूला हेच दार ठाऊक आहे," एवढंच त्यांचं म्हणणं. कडाक्याच्या थंडीतही संध्याकाळी ते दार थोडं उघडं असे. चहा पिताना बोलता बोलता थांबायच्या. "नखं वाजली का गं जिन्यात?" सुरुवातीला मी नाही म्हणायचे. पुढे पुढे मलाही वाजल्यासारखी वाटू लागली आणि त्या घरी जायची मला भीतीच वाटायची. तरी जायचे, कारण त्यांना एकटीनं ते ऐकू देणं जास्त वाईट होतं.

निवृत्ती मात्र नाकारता येत नाही. क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा सामानाच्या गाडीपाशी त्यांनी माझा हात धरला. "इथे जे येतील त्यांना सांगशील? तो आला तर झडप घालून पकडायचं नाही म्हणावं. दारात बसू द्यायचं, पाणी ठेवायचं." बंडूचं वय मी मनात मोजलं. काकूंनीही मोजलंच असणार. मी हो म्हटलं.

क्वार्टर बरेच महिने कुलूपबंद राहिलं. त्याच सुमारास नागपूरहून त्यांच्या पुतण्याचा फोन आला. जय भीम म्हणून त्यानं बातमी सांगितली. काकू झोपेतच गेल्या होत्या.

मग खाली ओडिशाचं एक कुटुंब राहायला आलं. आता कुणासाठी सांगायचं, असं वाटलं. कुत्रा नाही, वाट बघणारीही नाही. तरी एका संध्याकाळी गेले आणि त्या बाईंना हिंदीत सगळं सांगून टाकलं. हसतील अशी तयारी ठेवली होती. त्या हसल्या नाहीत.

"दिखता कैसा है?" त्यांनी विचारलं.

"बादामी रंग है," मी म्हणाले. "बायाँ कान मुड़ा हुआ. बुलाओ तो पहले पीछे हटता है, फिर आता है."

बंडूला मी कधी पाहिलेलंच नाही, काकूंकडून ऐकलेलं तेवढंच. त्या बाईंनी मान हलवली आणि आम्ही दोघी जिन्याकडे बघत उभ्या राहिलो.