चौथ्या मजल्यावरची हवा

चेन्नईत पेरुंगुडीतल्या आमच्या ऑफिसात दुपारी तीन वाजले की माझं डोकं ठणकू लागायचं. चौथा मजला, चारी बाजूंनी न उघडणाऱ्या काचा आणि विम्याची कागदपत्रं तपासत बसलेली आम्ही चाळीस माणसं. तीनच्या सुमाराला सगळा मजला जांभया देत असायचा. ऑफिसची व्यवस्था बघणाऱ्या अ‍ॅडमिन मॅनेजरांना मी सांगितलं, तर ते हसले. "मॅडम, दुपारी दहीभात कमी खा. एसी चोवीसवर आहे, आणखी काय हवं?"

मी आठवडाभर दहीभात सोडला. डोकं दुखायचं थांबलं नाही. मग हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा तळहाताएवढा मीटर मागवला आणि टेबलावर ठेवला. सकाळी आकडा सहाशेच्या आत, तीन वाजता दोन हजारांच्या वर! हजाराच्या वर गेला की हवा कोंदट, असं मीटरसोबतच्या कागदावर लिहिलं होतं. मॅनेजर म्हणाले, "स्वस्तातला मीटर दिसतोय."

त्याच आठवड्यात एसीच्या सर्व्हिसिंगला एक वयस्कर मेकॅनिक आले. ते शिडीवर होते आणि मी फोनवर सोलापूरला आईला सांगत होते, "अगं, इथे जीव गुदमरतो." फोन ठेवला, तर ते खाली उतरून माझ्यासमोर उभे.

"अम्मा, तुम्ही मराठी?"

ते मूळचे तंजावरचे, मराठा राजांच्या काळात तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरातले. त्यांची मराठी जुन्या वळणाची, हेल मात्र पक्का तमिळ. मी मीटर दाखवला. आकडा वाचून ते म्हणाले, "चला माझ्यासंगं."

एसीच्या मोठ्या यंत्राची खोली त्यांनी उघडली. बाहेरची हवा आत घेणाऱ्या झरोक्यावर प्लायवूड ठोकलेलं होतं, कडांना चिकटपट्टी.

"असकं बंद," ते म्हणाले. असकं म्हणजे सगळं. मग खाली मान घालून म्हणाले, "मीच ठोकलं हे. तेव्हा जनरेटर बरोबर ह्याच्या खाली होता. धूर आत यायचा."

"पण जनरेटर तर केव्हाच मागच्या बाजूला हलवला!"

"मला कोणी सांगितलं नाही, अम्मा. आणि मीही विचारलं नाही."

त्यांना गप्प बसता आलं असतं. पण ते सरळ मॅनेजरांकडे गेले आणि तमिळमध्ये सगळं सांगून टाकलं, स्वतःची चूकसुद्धा. मॅनेजर कुरकुरले. बाहेरची दमट हवा आत आली तर एसीवर ताण पडेल, म्हणाले. शेवटी एक दिवस करून बघायला तयार झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लायवूड निघालं, झरोक्याला नवी जाळी आणि फिल्टर बसला. दुपारी दोनपासून माझ्या टेबलाभोवती गर्दी. अडीच वाजता आठशे. तीनला मॅनेजर स्वतः आले, चष्मा वर करून वाकले आणि एकदम ओरडले, "एट ट्वेंटी!" सगळ्या मजल्यानं टाळ्या वाजवल्या, कोणीतरी शिट्टीही मारली. मेकॅनिककाका दाराशी उभे राहून हसत होते. मी कॉलेजात पहिली आले होते तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

संध्याकाळी निघायच्या तयारीत होते, तर मॅनेजरांचा तिसऱ्या मजल्यावरून फोन. "मॅडम, तो मीटर घेऊन जरा खाली या. इथेही प्लायवूड सापडलंय!"