मधलं नाव

सुचिता इंगोले वाशीमच्या एका बियाणे कंपनीत संगणकाचं सगळं काम पाही. प्रिंटर अडला, पासवर्ड विसरला, मेल जाईना, की हाक एकच: "सुचिता, ये बरं इकडं!" माहेर इंझोरीचं, सासर कामरगावचं. सासर आपलं म्हणायचं म्हणून. तिथून ती एकदा निघाली ती परत फिरकली नाही, आणि फारकतीचा खटला कोर्टात रखडत पडलाय.

नवऱ्याचं नाव गोपाल. तो प्यायचा नाही, हात उचलायचा नाही. तसं असतं तर लोकांना लवकर पटलं तरी असतं. या गड्यानं काय करावं? ती आंघोळीला गेली असताना तिचा मोबाइल उघडला आणि तिच्याच मेलवरून, तिच्याच सहीनं, साहेबाला राजीनामा धाडून दिला. "घरच्या जबाबदारीमुळे" म्हणे! कृपया काय, आभार काय, सगळं तिच्या धाटणीत. वर जेवताना शांतपणे सांगतो, "आता तू मोकळी झाली." सुचिताला राग नाही आला, शिसारी आली. घासात केस निघावा तशी. ती पानावरून उठली आणि तशीच ऑफिसात येऊन राजीनामा परत मागू लागली.

साहेबानं, म्हणजे रामकिसन काळबांडेनं, तो परत दिला खरा. पण देताना जे हसला ना मेला! "नवरा-बायकोत चालतेच असं," म्हणाला.

तर असा हा साहेब. यंदा त्याच्या डोक्यात शिस्तीचं वारं शिरलं. कंपनीतून जाणाऱ्या मेलखाली ज्याला जसं वाटेल तशी सही असायची. कुणाचं गुलाबाचं फूल, कुणाचं गावातलं टोपणनाव. गोदाम सांभाळणाऱ्या मोहनसिंग राठोडनं तर आपला ट्रॅक्टरवरचा फोटो लावलेला, तोही एवढा जड की मेल जाता जाईना. साहेबानं सुचिताला बोलावलं.

"सगळ्यायची सही एका साच्यातली पाह्यजे. आपोआप लागली पाह्यजे. जमते?"

"जमते की साहेब. स्क्रिप्ट म्हंजे छोटा प्रोग्राम लिहीन. कर्मचाऱ्यायच्या नोंदीतून नाव, पद, फोन उचलून मेलखाली लावून देईन."

"नाव पूर्ण पाह्यजे. बिनलग्नाचं असंन तं बापाचं नाव मधात, लग्न झालं असंन तं जोडीदाराचं. खानदान समजलं पाह्यजे समोरच्याले."

विम्यासाठी भरून घेतलेल्या सुचिताच्या नोंदीत जोडीदार म्हणून अजून गोपालच होता. म्हणजे आता तिनं लिहिलेल्या प्रत्येक ओळीखाली, तिच्या नावाला चिकटून, तो. ज्यानं तिची सही चोरली तोच तिच्या सहीत येऊन बसणार, आणि बसवायचं तिनंच, आपल्या हातानं! थू!

"साहेब, माह्यं मधलं नाव राहू द्या. तुमाले मालूम आहे सगळं."

"मालूम आहे म्हणून काय झालं? कोर्टाचा निकाल लागला का?"

"नाई."

"मंग नवरा नवराच आहे. सगळ्याले एक नियम. तुले वेगळा कायदा नाई!"

"सगळ्याले?" तिनं पुन्हा विचारलं.

"अवं सगळ्याले म्हंजे सगळ्याले! मराठी समजते ना तुले?"

समजते की. चांगली समजते. सुचिता जागेवर आली, तिनं स्क्रिप्ट लिहायला घेतली आणि साहेब बोलला तसाच नियम तीत घातला: लग्न झालेल्याचं मधलं नाव, जोडीदाराचं. बाईचं की पुरुषाचं, ते साहेब बोलला नव्हता, म्हणून तिनंही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबानं घरूनच सगळ्यांना मेल टाकला, आणि खाली निळ्या अक्षरांत सही आली: रामकिसन गिरजाबाई काळबांडे, व्यवस्थापकीय संचालक.

मग काय विचारता! अर्ध्या तासात साहेब धापा टाकत ऑफिसात हजर. मोहनसिंग त्याच्या आधीच सुचिताच्या टेबलाशी उभा होता. त्याचंही झालं होतं मोहनसिंग भुरीबाई राठोड, आणि तो ओठ पुसत होता, जसं कुणी तोंडात शेण कोंबलंय. "मॅडम, बायकोचं नाव कायले लावलं? लोकं हासून राह्यले ना!"

"काय घाण करून ठेवली माह्या नावात!" साहेब ओरडला.

घाण! गिरजाबाई म्हणजे या माणसाच्या घरची, इतकी वर्षं याचा डबा भरणारी, याच्या आईचं हगलं-मुतलं काढणारी. सुचिता त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं, हसू येईल. हसू कसलं, घशाशी कडू आलं.

"तुमचाच नियम आहे साहेब. सगळ्याले एक."

"काढ! आत्ताच्या आत्ता काढ! कोणाचंच मधलं नाव नको!"

तिनं स्क्रिप्टमधली ती ओळ पुसली आणि पुन्हा चालवली. गोपाल गेला. सुचिता इंगोले, तेवढंच उरलं. ती खुर्चीला टेकली आणि तिनं मोठा श्वास सोडला.

दुपारी टेबलावरचा फोन वाजला.

"सुचिता का? मी साहेबाच्या घरची बोलून राह्यली. गिरजाबाई."

"बोला काकू."

"अवं, ह्यायचे मेल पोरीच्या मोबाइलवरबी येते. सकाळी तिनं मले एक दाखवला. माह्यं नाव होतं त्याच्यात, निळं निळं. तिले पुन्हा पुन्हा वाचाले लावलं मी. आता मी माह्या बहिणीले दाखवाले गेली, तं नव्या मेलात दिसतच नाई. काही बिघडलं का?"

खोटं बोलावं तर सुचिताची जीभ उचलेना, आणि खरं सांगायचं तर साहेबाचा तो 'घाण' शब्द उच्चारावा लागला असता.

"काढलं काकू. सगळ्यायचंच काढलं."

"अस्सं," गिरजाबाई म्हणाल्या. "मले वाटलं, ह्यायनंच लावलं होतं."