चारही कांड्या भरलेल्या

आमच्या ह्यांना गल्लीत सगळे ‘रेंजवाले’ म्हणतात. कुणाचं नेट अडकलं की बोलावणं येतं, आणि हे भरलं ताट सोडून पळतात. माणूस कामाचा आहे, पण एकदा बोलला की बोलला. शब्द मागे घेणं ह्यांच्या जिवावर येतं.

ताई, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, ऐकू न येणाऱ्या मुलांना हातांच्या खुणांनी शिकवते. यंदा तिचा वर्ग ऑनलाइन झाला. तिच्या वरच्या खोलीत नेट पोचावं म्हणून ह्यांनी मोठ्या हौसेने तिच्या घरात खालपासून वरपर्यंत तीन राउटर बसवून दिले. तरी चित्र अडकायचं. आपलं एक वेळ आवाज तुटला तरी निभावतं. तिथे हात मधेच थिजला की अख्खं वाक्य बुडालं! पालकांनी कुरकुर केली. संस्थेने कळवलं, सुधारलं नाही तर वर्ग दुसऱ्या बाईंकडे देऊ.

हे गेले. हॉलमधल्या राउटरपाशी उभं राहून स्पीड मोजला. “बघ, धो धो येतंय.” मग वर जाऊन मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. “रेंजच्या चारही कांड्या भरलेल्या! नेटवर्कला नावं ठेवू नकोस, ताई. तूच हात फार भरभर हलवतेस. जरा सावकाश घे.”

ताईने ते मनावर घेतलं. हात सावकाश हलवायला लागली, तर मुलंच गोंधळली. मग बिचारी आरशासमोर बसून सराव करायची. “वय झालं गं माझं,” एकदा मला म्हणाली. मला ह्यांचा असा संताप आला!

संस्थेच्या बाई वर्ग बघणार होत्या, त्या सकाळी ह्यांनी पहिल्यांदाच वरच्या राउटरपाशी बसून स्पीड मोजला आणि ह्यांचं तोंड उतरलं. कांड्या सांगतात त्या फक्त जवळच्या राउटरपर्यंतचं. पण त्या राउटरला नेट मिळत होतं मधल्याकडून, मधल्याला खालच्याकडून, सगळं हवेतूनच. दर टप्प्याला निम्मं गळत होतं.

भिंतीतून तर वरपर्यंत वायर होती, घर बांधतानाच टाकलेली. राउटर बसवताना ताईने विचारलंही होतं, “ही वायर नको का रे?” हे हसले होते. “तारेचा जमाना गेला. तुला यातलं काय कळतंय?” आणि वायरवर झाकण ठोकून मोकळे झाले होते.

आता तेच झाकण ह्यांनी खाली मान घालून उघडलं. वायर जोडली. वर्ग सुरू झाला, आणि ताईचे हात पाण्यासारखे वाहायला लागले. संस्थेच्या बाई खूश झाल्या, वर्ग ताईकडेच राहिला.

शेवटी ताईने ह्यांना दंडाला धरून कॅमेऱ्यासमोर ओढलं आणि मुलांना खुणेने सांगितलं, माझ्या भावाने सगळं नीट केलं. मुलांनी दोन्ही हात वर करून हलवले. ही त्यांची टाळी. ह्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“ताई,” हे पुटपुटले, “चूक माझी होती, तुझे हात बरोबर होते, हे कसं सांगायचं?”

ताईने त्यांना आपल्याकडे वळवलं. मग एकेक खूण करून दाखवली. ह्यांनी कॅमेऱ्याकडे तोंड करून ती तशीच केली.

मुलांचे हात हळूहळू खाली आले. चित्र कुठेही अडकलं नाही. सगळ्यांना नीट दिसलं.